हप्त्यावरचे अंतराळयान

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी कोथरूडला आमच्याकडे पाच जण जमतो. चहा-पोहे झाले की जेवणाच्या टेबलावर ताऱ्यांचा नकाशा पसरतो, फासे निघतात, आणि पुढचे चार तास त्या टेबलाभोवती एक निवृत्त नौदल अधिकारी, एक डॉक्टर, एक सर्वेक्षक आणि कर्जाने वाकलेला एक कप्तान वावरतात. पाचवी मी, सूत्रधार. या भूमिकाखेळात पट नसतो आणि जिंकणे-हरणेही नसते. सूत्रधार प्रसंग उभा करतो, आपली पात्रे काय करणार ते खेळाडू बोलून सांगतात, आणि जमेल की नाही याची शंका आली तर फासे टाकतात.

खेळाचे नाव ‘ट्रॅव्हलर’. १९७७ साली मार्क मिलर यांनी तो रचला आणि अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या गेम डिझायनर्स वर्कशॉपने काढला. तेव्हापासून त्याच्या अनेक नियमावल्या आल्या. नवा खेळाडू हमखास विचारतो, की यातली कोणती घ्यायची? वर्षानुवर्षे खेळून माझे जे मत झाले आहे ते इथे मांडते.

मूळ डब्यात काळ्या मुखपृष्ठाच्या तीन पातळ पुस्तिका होत्या. जगाचा इतिहास त्यांत जवळजवळ नव्हताच. अकरा हजार जगांचे ‘तिसरे साम्राज्य’ पुढच्या पुस्तकांतून आकाराला आले. पण खेळाचा कणा पहिल्याच वर्षी तयार होता. इतर खेळांत तरुण, कोरा नायक मिळतो. इथे पात्र अर्धे आयुष्य जगूनच टेबलावर येते. अठराव्या वर्षी नौदल, सैन्य, व्यापारी ताफा किंवा सर्वेक्षण दलात भरती, मग चार-चार वर्षांच्या मुदती. प्रत्येक मुदतीला फासे सांगतात, की तगलात का, बढती मिळाली का, काय शिकलात. चौतिसाव्या वर्षापासून शरीर झिजू लागते. बहुतेक नोकऱ्यांत पाच मुदती भरल्या तर निवृत्तिवेतन सुरू. पुण्यात हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

मग जहाज. दोनशे टनांच्या साध्या व्यापारी जहाजाची किंमत ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिट. पाचवा हिस्सा आधी भरायचा आणि मग किमतीचा दोनशेचाळिसावा भाग दरमहा, असे ४८० महिने. म्हणजे चाळीस वर्षे, महिन्याला १,५४,५०० क्रेडिट. गृहकर्ज फेडणाऱ्या माणसाला या जहाजाचा कप्तान लगेच कळतो. माल कुठून उचलायचा, संशयास्पद प्रवासी घ्यायचा का, हे सारे प्रश्न त्या हप्त्यातून निघतात. सूत्रधाराला कथानक बाहेरून आणावे लागत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत प्रिय आहे. एका ताऱ्यापासून दुसऱ्याकडे झेप घ्यायला सुमारे एक आठवडा लागतो, आणि जहाजापेक्षा वेगाने बातमी जात नाही. साम्राज्याच्या सीमेवर बंड झाले तर राजधानीला ते कित्येक महिन्यांनी कळते. आपल्या इतिहासातही हे घडले आहे: १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर मराठ्यांचे सर्वस्व गेले, आणि उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना ते काही दिवसांनी एका सावकारी पत्रातून कळले. मधल्या त्या दिवसांत पेशवे जे हुकूम देत होते, ते आता नसलेल्या फौजेच्या भरवशावर. बातमीच्या उशिरामुळेच या खेळातल्या सरदारांना स्वतःच्या मर्जीने वागावे लागते. मराठी माणसाला ही सरंजामी व्यवस्था नवी नाही.

आयुष्य, हप्ता आणि उशिरा येणारी बातमी. नियमावली बरी की वाईट, हे मी या तीन गोष्टींवर ठरवते.

१९८७ च्या ‘मेगाट्रॅव्हलर’ने कोणतेही काम सोपे की अवघड हे मोजायची एकसारखी पद्धत दिली. आज आपण ती गृहीत धरतो, तेव्हा ती मोठी गोष्ट होती. पण पुस्तकात चुका इतक्या, की दुरुस्त्यांची यादी जवळ ठेवूनच खेळावे लागे. शिवाय सम्राटाचा खून आणि यादवी आली, आणि कप्तानाचा हप्ता मागे पडला. १९९३ च्या ‘न्यू एरा’त एका संगणक-विषाणूने साम्राज्यच संपवले आणि दोन फाशांऐवजी वीस बाजूंचा फासा आला. ते पुस्तक वाचनीय आहे, पण बँकच उरली नाही तर कर्ज कुणाचे? १९९६ मध्ये मूळ कंपनी बंद पडली. त्याच वर्षीच्या चौथ्या आवृत्तीत अर्धा फासा मोजायची विचित्र रीत होती. ती टिकली नाही. १९९८ च्या ‘गर्प्स ट्रॅव्हलर’मध्ये सम्राट मारला गेलाच नाही, आणि साम्राज्याचे व्यापार, समाज, वंश यांवरची उत्तम पुस्तके त्या मालिकेत निघाली. नियम दुसऱ्या घराण्याचे असले तरी ती पुस्तके आमच्या टेबलावर अजून असतात.

२००८ साली इंग्लंडच्या मंगूस पब्लिशिंगने मूळ दोन फासे परत आणले; आठ किंवा जास्त पडले की काम फत्ते. खरा बदल आयुष्याच्या नियमात होता. १९७७ मध्ये सर्वेक्षण दलात तगायला दोन फाशांवर सात लागत, म्हणजे धडधाकट प्रकृतीची सूट नसेल तर दर मुदतीला छत्तिसांतल्या पंधरा वेळा पात्र खेळापूर्वीच मरे. आम्ही हे एकदा करून पाहिले. एका मैत्रिणीचे पात्र तिसऱ्या मुदतीत गेले, आणि कधीच न खेळलेल्या त्या माणसासाठी टेबल क्षणभर गप्प झाले. मंगूसच्या नियमात त्याच जागी मरणाऐवजी अपघात येतो. पात्र नोकरी गमावते, जखमी होते किंवा जन्माचा वैरी कमावते. शिवाय दोन पात्रांची पूर्वायुष्ये जोडली तर दोघांनाही एकेक कौशल्य मिळते. त्यामुळे पहिल्याच शनिवारी ओळखीपाळखी, जुनी भांडणे आणि उपकार तयार असतात. १९८१ च्या सुधारित पुस्तिकांत मरणाऐवजी नोकरी सुटण्याचा पर्याय होता, पण तिथे फक्त नोकरी सुटे. मंगूसने त्यातून पुढची गोष्ट सुरू करून दिली. इतक्या वर्षांतली मला ही सर्वांत मोठी सुधारणा वाटते.

२०१३ साली मिलर यांची पाचवी आवृत्ती आली, सहाशेहून अधिक पानांची. तीत बंदुकीपासून प्राण्यापर्यंत सारे नियमांनी घडवता येते. घरी एकट्याने चाळायला ती खाण आहे, पण पाच जण वाट पाहत असताना ती उघडून नियम सापडत नाही.

तेव्हा पहिल्यांदा खेळणाऱ्यांनी मंगूसची २०१६ ची दुसरी आवृत्ती किंवा तिची २०२२ ची सुधारित प्रत घ्यावी. खिशाला ती जड वाटली तर २०१६ चे ‘सेफियस इंजिन’ पुरेल. मंगूसच्या पहिल्या आवृत्तीच्या खुल्या नियमांवर ते उभे आहे. सूत्रधाराने मात्र १९८१ च्या तीन पुस्तिका एकदा वाचाव्यात, कारण थोडक्यात किती भागते हे त्याच शिकवतात. आणि खेळ मराठीतच चालवा. वैरी, हप्ता, बढती हे शब्द आपल्या तोंडी आले की पात्रे बोलू लागतात.

आमच्या जहाजाचे ४८० पैकी ३१ हप्ते भरून झाले आहेत.