कर्सर का भरकटतो?

कर्सर जागच्या जागी थरथरू लागला किंवा मध्येच उडी मारून भलतीकडे गेला, की बहुतेक जण माऊस टेबलावर दोनदा आपटतात. त्यापेक्षा माऊस उलटा करावा. खालच्या बाजूला जे छोटे भोक दिसते, ती त्याची नजर. बरेचसे दोष तिथेच सापडतात.

डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून १९६४ मध्ये अमेरिकेत तयार झालेला पहिला माऊस म्हणजे दोन चाकांचे लाकडी खोके होते. पुढे चाकांची जागा गोळीने घेतली आणि गोळीबरोबर आतल्या रुळांवर मळही चढू लागला. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘इंटेलिमाऊस एक्सप्लोरर’ बाजारात आणला. त्यात गोळी नव्हती, कॅमेरा होता. तो सेकंदाला १,५०० चित्रे टिपायचा.

या माऊसमधल्या एलईडीचा प्रकाश टेबलावर तिरका पडतो. सूर्य मावळताना नांगरलेल्या शेतातले एकेक ढेकूळ उठून दिसते, तसे कागदाचे तंतू आणि लाकडाचा खडबडीतपणा सावल्यांमुळे उठून दिसतात. साध्या सेन्सरमध्ये हे चित्र जेमतेम १८ बाय १८ ठिपक्यांचे असते. लागोपाठच्या चित्रांत सावल्या किती आणि कुठे सरकल्या, यावरून चिप माऊसची हालचाल ठरवते.

म्हणूनच पारदर्शक काचेवर साधा माऊस गोंधळतो. तिथे सावली पाडणारे काही नसतेच. भोकात अडकलेला केस तर अधिक फसवा. बाकीचे चित्र सरकते, पण केस प्रत्येक चित्रात तिथेच असतो. मग माऊस हलला की नाही, हे चिपला नीट ठरवता येत नाही. माऊसखाली कोरा कागद ठेवून पाहावा. कर्सर सुधारला तर दोष पृष्ठभागाचा. नाही सुधारला, तर माऊस बंद करून भोक कोरड्या कापसाने हलकेच पुसावे.

बिनतारी माऊस अडखळत असेल तर आधी बॅटरी बदलावी, मग रिसीव्हरची जागा. असे बहुतेक माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. वाय-फाय आणि ब्लूटूथही तिथलेच. त्यात शेजारी यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क चालू असेल, तर तिचा विद्युत गोंगाटही याच पट्ट्यात मिसळतो. छोट्या एक्स्टेन्शन केबलने रिसीव्हर दूर आणला, तरी अनेकदा काम भागते.

एकदा दाबून दोन क्लिक होत असतील, तर मात्र नजरेचा दोष नव्हे. बटणाखालच्या स्विचमधली धातूची पट्टी दाबताना क्षणभर थरथरते. ती थरथर माऊस मोजत नाही. पट्टी झिजली की थरथर लांबते आणि तिचाच दुसरा क्लिक होतो. पुसून हे जात नाही, स्विच बदलावा लागतो.

तरीही उलगडा झाला नाही, तर माऊस दुसऱ्या संगणकाला जोडावा. दोष त्याच्याबरोबर गेला तर माऊसचा, मागे राहिला तर संगणकाचा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या, तर कशाने गुण आला ते कळत नाही.