लांडगा आणि कोयोट : व्यवच्छेदक लक्षणांचा विचार

उत्तर अमेरिकेच्या रानांत लांडगा आणि कोयोट हे श्वानकुलातील दोन प्राणी अनेक ठिकाणी एकाच प्रदेशात वावरतात. समोर दिसणारा प्राणी त्यांपैकी कोणता, हा केवळ प्राणिशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा प्रश्न नव्हे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत कोयोटाच्या शिकारीवर फारसे निर्बंध नाहीत. लांडग्याला मात्र अनेक प्रदेशांत कायद्याचे संरक्षण आहे. शिकाऱ्याची ओळख चुकली, तर त्या चुकीचे मोल लांडग्याला प्राणाने द्यावे लागते.

या घोटाळ्याचे मूळ नावांतही दिसते. मेक्सिकोतील नाहुआट्ल भाषेतील 'कोयोत्ल' हा शब्द स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आला. परंतु १८०४ साली ल्युइस आणि क्लार्क यांना मिसूरी नदीच्या प्रवासात हा प्राणी आढळला, तेव्हा त्यांनी त्यास 'प्रेअरी वुल्फ', म्हणजे गवताळ मैदानातील लांडगा, असे म्हटले. अपरिचितास परिचिताचे नाव देऊन त्याला विशेषण जोडावे, हा भाषेचा नित्याचा व्यवहार होय. पुढे १८२३ मध्ये टॉमस से याने त्याला 'कॅनिस लॅट्रान्स', म्हणजे 'भुंकणारा श्वान', हे शास्त्रीय नाव दिले. या नावातील निर्देश आकाराचा नसून आवाजाचा आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

कारण आकार हेच सर्वांत फसवे लक्षण होय. प्रौढ लांडग्याचे वजन साधारणतः ३० ते ५५ किलोग्रॅम, तर कोयोटाचे ९ ते २० किलोग्रॅम असते. कागदावर हा भेद पुरेसा वाटतो. परंतु मोकळ्या माळावर एकटा उभा असलेला प्राणी किती अंतरावर आहे हेच कळत नाही, मग तो केवढा आहे हे कसे कळावे? शिवाय वसंतात जन्मलेले लांडग्याचे पिल्लू शरद ऋतूत, म्हणजे ऐन शिकारीच्या दिवसांत, प्रौढ कोयोटाएवढे दिसू शकते; आणि हिवाळ्यातील दाट केसांमुळे कोयोट मोठा भासतो. रंगाचाही भरवसा नाही, कारण करडी छटा दोघांतही आढळते. शेपटी दोघेही खालीच ठेवतात.

म्हणून निरपेक्ष मापांपेक्षा प्रमाणांकडे पाहावे. लांडग्याचे कान डोक्याच्या मानाने आखूड व टोकाशी गोलसर, मुस्कट रुंद व जड. कोयोटाचे कान उंच व टोकदार, मुस्कट अरुंद व निमुळते. ही प्रमाणे अंतराने बदलत नाहीत. बालकाच्या आणि पुरुषाच्या आवाजाची उंची भिन्न असली, तरी त्यांच्या उच्चारातील 'इ' आणि 'उ' ओळखण्यात आपण चुकत नाही. तेथेही निर्णायक असतो तो परस्परसंबंधच. यास ठशांची व आवाजाची जोड द्यावी. लांडग्याच्या पावलाचा ठसा सुमारे १० ते १२ सेंटिमीटर लांब, कोयोटाचा ५ ते ६.५. मात्र थोराड कुत्र्याचा ठसाही लांडग्याच्या ठशाएवढा भरू शकतो. लांडग्याची आरोळी दीर्घ व खोल असते. कोयोट उंच स्वरात तुटक भुंकतो, आणि दोनच कोयोट पुष्कळांचा भास निर्माण करतात.

तथापि व्यवच्छेदक लक्षणांनाही मर्यादा आहे. तांबडा लांडगा १९८० साली निसर्गातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले आणि १९८७ पासून त्यास उत्तर कॅरोलायनाच्या पूर्व भागात पुन्हा सोडण्यात आले. त्याचे वजन सुमारे २० ते ३६ किलोग्रॅम, म्हणजे दोहोंच्या मधले. त्यात कोयोटाशी त्याचा संकरही होतो. तेथे गोळीस बळी पडणारे तांबडे लांडगे पाहून २०१४ मध्ये संघीय न्यायालयाने त्या भागातील पाच काउंट्यांत कोयोटाच्या शिकारीस तात्पुरती मनाई केली. जेथे दृष्टीला भेद करता येत नाही, तेथे हात आवरावा, हाच त्याचा अर्थ.

आपल्याकडील अनुवादकासही हा बोध उपयुक्त आहे. कोयोटास 'कोल्हा' किंवा 'लांडगा' म्हणण्याचा मोह होतो. परंतु आपला कोल्हा ही निराळी जाती आहे, आणि कोयोट हा लांडगाही नव्हे. तेव्हा मूळ शब्दच स्वीकारणे श्रेयस्कर. रानात काय किंवा कोशात काय, एका लक्षणावरून नाव ठरवू नये. कान, मुस्कट, ठसा व आवाज यांची साक्ष जुळेपर्यंत निर्णय राखून ठेवावा.