न्हावऱ्याचे स्वस्त घर आणि रांजणगावची पाळी

दरवर्षी १ जानेवारीला पेरणे येथील जयस्तंभास अभिवादन करण्यासाठी मोठा जनसमुदाय लोटतो आणि त्या दिवशी पुणे-नगर महामार्गावरील वाहतूक अन्य मार्गांनी वळविली जाते. पुण्याहून नगरकडे निघालेली वाहने तेव्हा सोलापूर रस्त्याने केडगाव-चौफुल्यापर्यंत येतात, तेथे डावीकडे वळून भीमा ओलांडतात आणि न्हावऱ्यावरून शिरूर गाठतात. बहुतेक पुणेकरांनी न्हावरे पाहिले असेल, तर ते असे, वर्षातून एकदा आणि गाडीच्या काचेतून. परंतु रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागलेल्या आणि तेथील घरभाडे ऐकून विचारात पडलेल्या माणसासाठी हे गाव म्हणजे एक खराखुरा पर्याय असतो. हा पर्याय कितपत फायद्याचा, याचा हिशेब वरवर दिसतो तितका सोपा नाही.

शिरूर-चौफुला रस्ता आणि तळेगाव दाभाडे, चाकण, शिक्रापूरकडून श्रीगोंदा-जामखेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५४८ डी यांचा न्हावऱ्यात संगम होतो. घोडगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे गावाचे नाव पंचक्रोशीबाहेर पोहोचले. येथे ग्रामीण रुग्णालय आहे, शाळा आहेत, बाजारपेठ आहे. उत्तरेला तालुक्याचे गाव शिरूर, वायव्येला रांजणगाव आणि दक्षिणेला भीमेपलीकडे दौंड तालुक्यातील केडगावचे रेल्वे स्थानक, ही तिन्ही ठिकाणे साधारणतः वीस ते तीस किलोमीटरच्या टप्प्यात येतात. नकाशावर पाहता जागा मोक्याची वाटते, आणि काही कुटुंबांसाठी ती तशी आहेही.

रांजणगावात फियाट, एलजी, व्हर्लपूल यांसारख्या कंपन्या आल्या, त्यांच्यामागोमाग सुटे भाग पुरविणारे लहान कारखाने आले आणि अष्टविनायकांपैकी एक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावाचा चेहरामोहरा पालटला. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेला तरुण प्रथम कारखान्याजवळच्या खोलीत चार-सहा जणांबरोबर कॉट बेसिसवर राहतो. तोवर राहण्याचा प्रश्न त्याला फारसा भेडसावत नाही. लग्न होते, गावाकडून पत्नी येते, मूल शाळेत जाण्याच्या वयाचे होते, तेव्हा स्वतंत्र घराची निकड निर्माण होते. वसाहतीलगत भाडे परवडत नाही म्हणून शोध बाहेरच्या बाजूला सरकू लागतो. कारेगाव, ढोकसांगवी, शिरूर आणि त्याही पुढे न्हावरे.

येथे थोडे गणित मांडू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, वाचकांनी त्या जागी आपले आकडे घालावेत. समजा, वसाहतीजवळ दोन खोल्यांचे भाडे ९,००० रुपये आहे आणि न्हावऱ्यात तशाच जागेचे ५,००० रुपये. दरमहा ४,००० रुपये वाचले, असे प्रथमदर्शनी वाटते. आता जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर अंतर धरले, तर महिन्याच्या २६ कामाच्या दिवसांत १,३०० किलोमीटर होतात. लिटरला पन्नास किलोमीटर देणाऱ्या दुचाकीला २६ लिटर पेट्रोल लागते. पेट्रोलचा दर शंभर रुपये धरला तरी हे २,६०० रुपये झाले. टायर, ऑइल, चेन, सर्व्हिसिंग आणि गाडीची घटत जाणारी किंमत यांसाठी महिना हजार रुपये बाजूला ठेवावे लागतात. बहुतेक जण ते ठेवत नाहीत आणि वर्षाअखेरीस गाडीने एकदम खर्च काढला की नशिबाला बोल लावतात. म्हणजे ४,००० मधून ३,६०० गेले. शिल्लक उरली ४०० रुपये.

या ४०० रुपयांसाठी काय द्यावे लागते, तेही पाहू. एका बाजूस पस्तीस मिनिटे धरली, तरी दिवसाला सत्तर मिनिटे आणि महिन्याला सुमारे तीस तास रस्त्यावर जातात. तासाला तेरा रुपये या दराने आपण आपला वेळ विकला, असाच याचा अर्थ. कारखान्यात याहून कितीतरी अधिक दराने ओव्हरटाइम मिळतो.

इटालियन भौतिकशास्त्रज्ञ सेझारे मार्चेटी यांनी १९९४ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, वाहन कोणतेही असो आणि शहर कितीही पसरो, माणूस सरासरीने दिवसाला सुमारे एक तासच प्रवासासाठी खर्च करीत आला आहे. पायी चालणाऱ्यांची गावे लहान राहिली, रेल्वे आणि मोटार आल्यावर तोच तास दूरवर पोहोचू लागला. मुंबईत गिरणी कामगारांच्या चाळी गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात उभ्या राहिल्या, त्या याच हिशेबाने. न्हावरे ते रांजणगाव हे अंतर या तासाच्या अगदी काठावर पडते. त्यामुळे काहींना ते सोसते आणि काहींना सहा महिन्यांतच नकोसे होते.

काठावरच्या या अंतराला रस्ता कधी कधी पलीकडे ढकलतो. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून वाहतूक चालते. मागे परावर्तक नसलेली ट्रॉली अंधारात समोर येईपर्यंत दिसत नाही. तिसरी पाळी संपवून झोपाळल्या डोळ्यांनी परतणाऱ्या दुचाकीस्वारासाठी याहून मोठा धोका नाही. दुसरा धोका अलीकडे वाढला आहे. २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे मृत्युमुखी पडली. पिंपरखेड हे तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला आहे, हे खरे. तथापि उसाचे फड दोन्हीकडे आहेत, आणि रात्री उशिरा एकट्याने प्रवास करणाऱ्याने ही बाब विचारात घेतलीच पाहिजे.

मग न्हावऱ्यात घर घेणे हा वेडेपणा म्हणावा काय? तसे मुळीच नाही. वरच्या हिशेबातील एक घटक बदलला की सारे चित्र बदलते. कंपनीची बस गावातून जात असेल, तर पेट्रोल आणि गाडीची झीज दोन्ही वाचते आणि ४,००० रुपयांची बचत जवळजवळ तशीच हाती राहते. म्हणूनच घरमालकाशी बोलण्याआधी कंपनीच्या वाहतूक विभागाशी बोलावे. बस कोठवर येते, तिन्ही पाळ्यांना येते काय आणि मुख्य म्हणजे कंत्राटी कामगारांना तीत बसू देतात काय, हे विचारावे. अनेकदा या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर भरतीच्या वेळी कोणी देत नाही.

एसटीचा विचार आपण अलीकडे करेनासे झालो आहोत. राज्य परिवहन महामंडळाच्या मासिक पासासाठी वीस दिवसांचे भाडे भरून तीस दिवस प्रवास करता येतो, तर त्रैमासिक पासासाठी पन्नास दिवसांच्या भाड्यात नव्वद दिवस. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत मिळू लागली. शिरूरला दुकानात, शाळेत किंवा दवाखान्यात काम करणाऱ्या स्त्रीसाठी या सवलतीने अंतराचा अर्थच बदलला. अडचण आहे ती वेळापत्रकाची. एसटी शाळा-महाविद्यालयांच्या वेळा पाळते, कारखान्याच्या पाळ्या तिच्या गणतीत नसतात.

घरात दोन मिळवती माणसे असतील, तर न्हावऱ्याची जागा आणखी निराळी दिसते. पती रांजणगावला आणि पत्नी केडगाव-दौंडच्या बाजूला नोकरीस असेल, तर दोघांच्या मधोमध असलेले हे गाव कोणत्याही एका टोकापेक्षा सोयीचे ठरते. केडगाव स्थानकावरून पुणे-दौंड मार्गावरील गाड्या मिळतात. २०१७ मध्ये या मार्गावर डेमू गाडी सुरू झाली आणि रेल्वेचा मासिक पास हा आजही प्रवासाचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. मात्र न्हावऱ्याहून केडगाव, तेथून रेल्वेने पुणे आणि स्थानकावरून पुन्हा कार्यालय, असा तीन टप्प्यांचा प्रवास रोज करण्याच्या फंदात कोणी पडू नये. पुण्यात नोकरी असणाऱ्याने स्वस्ताई शोधायचीच असेल, तर ती उरुळी, यवत, केडगाव अशी रेल्वे स्थानकालगत शोधावी.

अमेरिकेतील शिकागो येथील एका संस्थेने घरखर्च आणि प्रवासखर्च एकत्र मोजण्याची पद्धत रूढ केली आहे. या दोहोंची बेरीज उत्पन्नाच्या पंचेचाळीस टक्क्यांच्या आत राहिली, तरच घर परवडणारे मानावे, असा तिचा निकष आहे. आपल्याकडे बँका कर्ज देताना हप्ता आणि पगार यांचे प्रमाण पाहतात, पेट्रोलचे बिल कोणी मागत नाही. पण महिन्याच्या पंचवीस तारखेला खिशात काय उरते, हे ठरवताना त्या बिलाला वगळता येत नाही.

भाड्याने राहण्यापर्यंत झालेली चूक सुधारता येते. अकरा महिन्यांचा करार संपला की सामान हलवावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. गावात तो बहुधा तोंडी होतो आणि अनामत रक्कम परत मागताना वाद उद्भवतो. विकत घेण्याची गोष्ट मात्र वेगळी. रांजणगावातील मोठा कामगारवर्ग कंत्राटी आहे. नोकरीचा करार काही महिन्यांचा आणि घराचे कर्ज वीस वर्षांचे, ही जोडी जुळत नाही. उद्या काम चाकणला मिळाले, तर न्हावऱ्यातील घर सोडवत नाही आणि रोजचा प्रवास झेपत नाही.

तरीही मोह होतो तो गुंठ्याचा. हमरस्त्यालगत शेत दिसले की तेथे दगड रोवून भूखंड पाडल्याचे फलक लागतात. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि पुण्यातील दर कानावर असलेल्या माणसाला येथील दर हास्यास्पद वाटतो. येथेच थांबून सातबारा वाचावा. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. ऑगस्ट २०२३ मधील अधिसूचनेने बागायती जमिनीसाठी दहा आणि जिरायतीसाठी वीस गुंठे हे किमान प्रमाणभूत क्षेत्र ठरविण्यात आले. त्याहून लहान तुकडा स्वतंत्र विकता येत नाही म्हणून दहा-वीस अनोळखी माणसांची नावे एका सातबाऱ्यावर सामाईक चढविली जातात. कोणाचा कोपरा कोणता, हे त्या उताऱ्यावरून कळत नाही. त्यातील एकाने कज्जा केला की सगळे अडकतात. २०२५ मध्ये राज्य सरकारने जुने तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्यासाठी अध्यादेश काढला. तथापि ती सवलत ठरावीक मुदतीपूर्वीच्या आणि विशिष्ट क्षेत्रांतील व्यवहारांपुरती आहे. तिचा हवाला देऊन आज नवा तुकडा विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

शहरी वाचकांपैकी अनेकांना आणखी एक गोष्ट ठाऊक नसते. शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. मंजूर रेखांकनातील अकृषक भूखंड घेण्यास ही आडकाठी नाही, बँकही त्यावर कर्ज देऊ शकते. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवर आठहून अधिक भूखंड पाडले असतील, तर प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी हवी आणि ती घरबसल्या संकेतस्थळावर तपासता येते. असा भूखंड दीडपट महाग असला, तरी तोच खरा स्वस्त.

पाण्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर शिरूरच्या पूर्व भागाने दुष्काळ पुष्कळ पाहिला आहे. घोड धरण आणि चासकमानचे कालवे आले, ऊस आला, पण कालव्याचे पाणी शेताला आणि नळाचे पाणी घराला, हे दोन वेगळे विषय आहेत. घर पाहायला पावसाळ्यात जाणाऱ्यास सगळीकडे हिरवेगार दिसते. एप्रिल-मे महिन्यांत जावे आणि घरमालकाऐवजी शेजारणीला विचारावे की, नळ किती दिवसांआड येतो. कारखान्याच्या गावातील घरभाडे कारखान्याच्या धुराड्यावरही अवलंबून असते. घोडगंगेवर अलीकडच्या वर्षांत आर्थिक अडचणींमुळे गाळप बंद ठेवण्याची वेळ आली, तेव्हा भाडेकरूला घासाघीस करण्यास वाव मिळाला असेल. पण त्याच वेळी बाजारपेठेतील दुकानदाराचे हात आखडले गेले असणार, हेही उघड आहे.

घर पसंत पडले, तर अनामत देण्यापूर्वी एक आठवडा स्वतः प्रवास करून पाहावा. पहिल्या पाळीच्या वेळेस निघावे, एकदा रात्रीच्या पाळीवरून परतावे, गाडीच्या मीटरवर किलोमीटर आणि घड्याळात मिनिटे टिपून घ्यावीत. त्या आठवड्यात रांजणगावातील एखाद्या मित्राच्या खोलीवर एक रात्र झोपण्याची सोय होत असेल, तर फारच उत्तम.