साताऱ्याचा जाहीरनामा, १८१८ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

१० फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्याचा किल्ला ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने घेतला. दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर छत्रपतींचे निशाण चढवण्यात आले आणि त्याच तारखेचा एक जाहीरनामा कंपनीचा अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांच्या मुलखातील लोकांना उद्देशून काढला. चालून आलेल्या परक्या फौजेने मराठी रयतेशी थेट बोलण्यासाठी काढलेल्या कागदांत याचे स्थान महत्त्वाचे. व्याख्यानांत आणि स्मरणिकांत त्याचे नाव सारखे येते. मजकूर वाचण्याची तसदी मात्र फारसे कोणी घेत नाही, आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो.

सर्वांत चिवट समज असा : इंग्रजांनी ‘छत्रपतींचे राज्य छत्रपतींना परत देतो’ असे लिहून दिले, भोळा मराठी माणूस फसला आणि एका कागदावर राज्य गेले.

जाहीरनाम्यात असे कुठेही म्हटलेले नाही. साताऱ्याच्या राजाविषयी त्यात इतकेच आहे की, दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या कैदेतून त्याची सुटका होईल आणि तो व त्याचे कुटुंब सुखाने, इतमामाने राहू शकेल एवढ्या मुलखाचे स्वतंत्र राज्य त्याला मिळेल. बाकीचा मुलूख कंपनीकडे राहील, हे लगेच पुढे लिहिले आहे, तेही आडपडदा न ठेवता. बाजीरावाला मसनदीवरून काढून त्याचा प्रदेश जिंकून घेणे इंग्रज सरकारला भाग पडले, असे त्याच कागदात नमूद आहे. याला फसवणूक म्हणायचे तर फसवणाऱ्याने आपला बेत आधीच दवंडी पिटून सांगितला होता असे म्हणावे लागेल.

शिवाय ज्या राजाच्या नावाने हे चालले होते, ते प्रतापसिंह महाराज त्या दिवशी इंग्रजांच्या हाती नव्हतेच. ते बाजीरावाच्या तळावर होते. २० फेब्रुवारीला आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि त्यानंतरच महाराज इंग्रजांकडे आले.

‘एका कागदावर राज्य गेले’ हा भाग तर नुसत्या तारखा पाहिल्या तरी कोसळतो. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ची. १७ नोव्हेंबरला पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले. म्हणजे राजधानी जाऊन जवळजवळ तीन महिने झाल्यावर हा कागद निघाला. निघाल्यावर तरी सारे शांत झाले काय? सिंहगड मार्चच्या सुरुवातीला वेढा घालून घ्यावा लागला. पेशव्यांच्या पत्नी वाराणसीबाई रायगडावर होत्या. कर्नल प्रॉथरने गडावर तोफांचा मारा केला, तेव्हा १० मे रोजी तो पडला. मालेगावच्या किल्ल्यातील अरब शिपायांनी जूनपर्यंत दाद दिली नाही. बाजीराव कंपनीचा सेनाधिकारी माल्कम याच्या स्वाधीन झाला ३ जूनला, आठ लाखांच्या सालीना नेमणुकीवर. चार महिने तोफा चालवून जे मिळाले त्याचे श्रेय कागदाला देणे म्हणजे लढून मेलेल्यांवर अन्याय आहे.

मग कागदाचा उपयोग काय होता? तो कळण्यासाठी शेवटची कलमे पाहावीत. सुरुवातीच्या लांबलचक भागात बाजीरावाच्या अपराधांची जंत्री आहे. वसईच्या आश्रयापासून पंढरपुरात झालेल्या, गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनापर्यंत आणि आपला मर्जीतला त्रिंबकजी डेंगळे याला पाठीशी घालण्यापर्यंत सगळे त्यात येते. हा भाग भाषणांत गाजतो, पण वतनदाराची झोप उडवणारा मजकूर त्याच्या खाली आहे. बाजीरावाला किंवा त्याच्या माणसांना कोणी वसूल देऊ नये. दिल्यास त्याची वजावट मिळणार नाही. वतनदारांनी दोन महिन्यांत पेशव्यांचे निशाण सोडून आपापल्या गावी परतावे. जे परतणार नाहीत त्यांची नावे जमीनदारांनी कळवावीत. त्यांच्या जमिनी जप्त होतील आणि त्यांचा पाठलाग थांबणार नाही. मुलूख उजाड करणारा किंवा वाटमारी करणारा जिथे सापडेल तिथे ठार केला जाईल.

पेणच्या खारेपाटात, आज डोलवी आहे त्या आंबा खाडीकाठच्या पट्ट्यात, या कलमांचा अर्थ कसा लागत असेल हे पाहण्यासारखे आहे. बेलापूर-कल्याणकडचा मुलूख १८१७च्या जूनमधील पुण्याच्या तहाने आधीच कंपनीकडे गेला होता. त्याच्या दक्षिणेचा पेण भाग पेशव्यांकडे उरला होता. फेब्रुवारीत भात झोडून झालेले, कणगीत पडलेले, आणि वसुलाचे दिवस. पेशव्यांचा कमाविसदार दारात आला आणि त्याला रक्कम दिली, तर कंपनीचा माणूस तीच रक्कम पुन्हा मागणार. नाही दिली आणि उद्या पेशवे परतले, तर मग विचारायलाच नको. उत्तरेला कर्नाळा जानेवारीतच पडला होता. मुंबईहून निघालेली फौज कोकणातले किल्ले घेत आहे, ही बातमी जाहीरनाम्यातच दिली होती आणि इथल्या माणसाला ती घरबसल्या पडताळता येत होती. अशा माणसाला भोळा म्हणणे सोपे आहे. त्याच्यापुढचा प्रश्न विश्वासाचा नव्हता, हिशेबाचा होता.

म्हणूनच हा कागद ‘जनतेला’ होता हेही अर्धेच खरे. कुळाला उद्देशून त्यात लागवडीला उत्तेजन, माफक सारा आणि काळ पाहून सूट एवढे आहे. रोख आहे तो वतनदारांवर, कारण घोडे आणि माणसे घेऊन बाजीरावामागे फिरणारे तेच होते आणि गावाचा वसूल ज्यांच्या हातून जाई तेही तेच.

आता किरकोळ समज. हा जाहीरनामा राणी व्हिक्टोरियाचा, असे छापलेले आढळते. राणीचा जाहीरनामा १ नोव्हेंबर १८५८चा. १८१८ साली राणीचा जन्मही झालेला नव्हता. धर्मात हात न घालण्याचे वचन बिनशर्त होते, हेही चूक : न्याय्य आणि वाजवी असेल तितपत, अशी पुस्ती तिथे जोडलेली आहे. जाहीरनाम्याने वसुलीची मक्त्याची पद्धत बंद केल्याने सारा हलका झाला, हा निष्कर्षही घाईचा. प्रिंगल या कंपनीच्या अधिकाऱ्याने १८२८च्या सुमारास पुण्याकडे केलेली सारा-आकारणी इतकी जड ठरली की ती पुढे सोडून द्यावी लागली.

जाहीरनामा काढून परक्या मुलखातील लोकांना वळवणे ही इंग्रजांची खास क्लृप्ती, हाही गैरसमजच. नेपोलियनने १७९८च्या जुलैमध्ये इजिप्तमध्ये उतरताच अरबी भाषेतला जाहीरनामा वाटला. त्यासाठी अरबी खिळ्यांचा छापखाना जहाजावरून आणला होता. मामलुक सरदार जुलमी, आपण इस्लामचे मित्र, असा त्याचा सूर होता. कैरोचा इतिहासकार अल-जबर्ती याने त्यातल्या व्याकरणाच्या चुका एकेक करून काढल्या. परक्याचा कागद वाचणारे लोक मुकाट्याने मान डोलावतात असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावे. पुढे १९ मार्च १९१७ रोजी ब्रिटिश जनरल मॉडने बगदादमध्ये, आपण जेते म्हणून नव्हे तर मुक्तिदाते म्हणून आलो आहोत, असे जाहीर केले. त्या मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मराठा पलटणीही लढल्या होत्या. तुलना केली तर एल्फिन्स्टनचा कागद अधिक रोखठोक ठरतो : मुलूख आम्ही ठेवणार, हे तो लपवत नाही.

राहिला वचनांचा प्रश्न. ‘सगळी पाळली’ आणि ‘लगेच मोडली’ अशी दोन्ही टोके ऐकू येतात. २५ सप्टेंबर १८१९च्या तहाने प्रतापसिंहांना राज्य मिळाले. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले आणि १८४८ मध्ये सातारा खालसा झाले. इनामांना अभय होते. तरी पुढे इनाम कमिशनने सनदा तपासायला घेतल्या आणि १८५२च्या कायद्याने त्या चौकशीला बळ दिले. ज्यांना जुने कागद दाखवता आले नाहीत, त्यांची इनामे गेली. वचन मोडले ते तिथे, तीस-पस्तीस वर्षांनी आणि दप्तरातून.

शेवटचा समज पेणच्या शेजारचा. धरमतर खाडीच्या पलीकडे, अलिबागच्या बाजूला, मुख्यतः आंग्र्यांचा अंमल होता. कुलाबा संस्थान १८४० मध्ये खालसा झाले ते दत्तक नामंजूर करून. १८१८च्या जाहीरनाम्याशी त्याचा संबंध जोडला जातो, तो निराधार आहे.