मोल्सवर्थ कुठले?

नवा माणूस भेटला की आपल्याकडे आधी आडनाव विचारतात आणि पाठोपाठ प्रश्न येतो, 'म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?' माझी नोकरी पाटबंधारे खात्यातली, बदल्यांची. हा प्रश्न मी भरपूर ऐकलाय आणि तितकाच विचारलाय. एका आडनावाला मात्र तो विचारायचा राहून गेला होता, आणि ते आडनाव तर घरातलंच.

वडील मराठीचे मास्तर. शब्दावरून वाद निघाला की ते जागेवरूनच म्हणायचे, 'मोल्सवर्थ काढ.' मग आमच्यापैकी कुणीतरी तो जाडजूड कोश दोन्ही हातांनी उचलून आणायचा. पुढे खात्यात रुजू झालो, तर तिथंही मोल्सवर्थ! जुन्या डेप्युटी इंजिनीअरांच्या खणात खिशात मावेल असं एक पुस्तक असायचं. तुळई किती भार पेलेल, पाइपातून किती पाणी जाईल, असली सूत्रं आणि कोष्टकं त्यात ठासून भरलेली. त्यालाही सगळे नुसतं 'मोल्सवर्थ'च म्हणत.

माणसं दोन. कोशवाला जेम्स थॉमस मोल्सवर्थ. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातला अधिकारी. शास्त्रीमंडळी हाताशी घेऊन आणि जॉर्ज व थॉमस कँडी या जुळ्या भावांच्या साथीने त्याने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश छापला. दुसरी, वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. आमच्या घरची प्रत पुण्याच्या शुभदा-सारस्वतने १९७५ साली काढलेल्या पुनर्मुद्रणाची. पॉकेटबुकवाला गिल्फर्ड लिंडसे मोल्सवर्थ. त्याने आधी सिलोनची रेल्वे बांधली आणि नंतर, १८७१ पासून १८८९ पर्यंत, तो हिंदुस्थान सरकारचा रेल्वेसाठीचा सल्लागार इंजिनीअर होता.

इंग्लंडात स्मिथ आणि जोन्स लाखांनी सापडतील. मोल्सवर्थ शोधावे लागतात. इतक्या विरळ आडनावाची दोन पुस्तकं एकाच मराठी माणसाच्या वाट्याला यावीत याचं मला निवृत्तीनंतर फार नवल वाटायला लागलं. रिकामा वेळ होता. नकाशे वाचायची सवय होतीच.

आडनावाचं मूळ शोधायला फार लांब जावं लागलं नाही, कारण मोल्सवर्थ हे गावच आहे. पूर्व इंग्लंडात, जुन्या हंटिंग्डनशायरच्या पश्चिम टोकाला, नॉर्थॅम्प्टनशायरच्या हद्दीलगत. १०८६ साली विल्यम राजाने सारा मुलूख मोजून जी जमाबंदी लिहून घेतली, त्या डोम्सडे बुकात हे गाव आहे. मूल नावाच्या कुणा सॅक्सन माणसाचं कुंपण घातलेलं आवार, एवढाच त्या नावाचा अर्थ. वर्ड्सवर्थ, बटरवर्थ, टॅमवर्थ, वाँड्सवर्थ यांच्यातलं 'वर्थ' म्हणजे हेच आवार. हा मूल कोण, हे विचारायची सोय नाही. हजार वर्षांपूर्वी त्याने चार खांब रोवले आणि त्याचं नाव राहिलं.

माझी भाची पीटरबरोला असते. तिच्या नवऱ्याने एका रविवारी गाडी काढली. गाव म्हणजे मूठभर घरं, एक रस्ता आणि सेंट पीटरचं चर्च. चर्चच्या आत भिंतीवर मध्ययुगातली चित्रं आहेत, त्यांतलं एक सेंट क्रिस्टोफरचं. खांद्यावर बाळ घेऊन नदी ओलांडणारा हा संत प्रवाशांचा राखणदार. गाव सोडताना त्याचं दर्शन घेऊन निघायचं अशी त्या काळच्या लोकांची श्रद्धा. जावईबापूंना चित्रापेक्षा गावाशेजारच्या तारेच्या कुंपणात जास्त रस होता, कारण इंग्लंडात मोल्सवर्थ म्हटलं की लोकांना हवाई तळ आठवतो. दुसऱ्या महायुद्धात इथून अमेरिकन बाँबफेकी विमानं उडत. १९८० च्या दशकात इथे क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरलं, तेव्हा शांततावाद्यांनी छावणी ठोकली. फेब्रुवारी १९८५ मध्ये एका रात्रीत हजारावर सैनिक आणि पोलीस आणून ती उठवली गेली आणि रातोरात कुंपण उभं राहिलं. संरक्षणमंत्री मायकेल हेझेल्टाइन स्वतः लष्करी जाकीट चढवून पाहणीला आले होते. गावाच्या नावातच कुंपण असल्यावर आणखी काय होणार!

आता मुद्द्याचं. मोल्सवर्थ गावात राहणाऱ्याला कुणी मोल्सवर्थ म्हणत नसे. म्हणून उपयोग काय? सगळेच तिथले. साताऱ्यातला माणूस साताऱ्यात सातारकर होत नाही, तो पुण्याला आला की होतो. इंग्लंडात हेच घडलं. बाराव्या-तेराव्या शतकात माणसाला नुसतं नाव असे. जॉन, विल्यम, रॉबर्ट अशी चार-पाच नावं अर्ध्या गावाला पुरत. मग 'मोल्सवर्थचा वॉल्टर', 'लोहाराचा जॉन' अशी ओळख कारकून लिहून ठेवू लागले. १३०० च्या आसपासपासून पुढच्या शे-दीडशे वर्षांत ही तात्पुरती ओळख हळूहळू बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. दक्षिणेत आणि पूर्वेत आधी, उत्तरेत बरीच उशिरा. म्हणजे गावावरून पडलेलं आडनाव माणूस कुठे राहतो ते सांगत नाही, तो कुठून निघाला ते सांगतं. आडनावांचा नकाशा वाचताना पुष्कळांचा घोटाळा इथेच होतो.

हे नाव लावणारा जो जुना माणूस कागदांत ठळक दिसतो, तो सर वॉल्टर द मोल्सवर्थ. पहिल्या एडवर्ड राजाच्या काळात तो बेडफर्डशायर आणि बकिंगहॅमशायरचा शेरीफ होता. सरदारांच्या वंशावळीच्या पुस्तकांत तो राजाबरोबर धर्मयुद्धालाही गेल्याचं छापलेलं असतं. असल्या पुस्तकांत प्रत्येक घराण्याचा एक पूर्वज धर्मयुद्धाला गेलेला असतोच. मी शेरीफवर समाधान मानतो.

त्यानंतर हे नाव नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये, फॉदरिंगहेच्या बाजूला, स्थिरावलं. फॉदरिंगहे म्हणजे जिथे १५८७ साली स्कॉटलंडच्या मेरी राणीचा शिरच्छेद झाला ते गाव. मूळ गावापासून सतरा-अठरा किलोमीटर, चालत दिवसाभराच्या आत. बहुतेक इंग्लिश आडनावं शतकानुशतकं अशीच टप्प्याटप्प्याने सरकली आणि म्हणूनच आजही आपापल्या मुलखाला धरून आहेत. बटरवर्थांचं मूळ लँकेशायरमधल्या रॉचडेलजवळचं, आणि अजूनही ते तिथेच दाटीने आहेत. मोल्सवर्थांना मात्र एकदम दोन दिशांना फाटे फुटले.

एक शाखा एलिझाबेथ राणीच्या काळात पार नैर्ऋत्येच्या टोकाला, कॉर्नवॉलला गेली. कारण नोकरी. डची ऑफ कॉर्नवॉल या जहागिरीच्या हिशेबतपासणीचं काम जॉन मोल्सवर्थकडे आलं आणि बॉडमिनजवळ पेनकॅरो इथे घर झालं. याच घराण्यातला हेंडर मोल्सवर्थ जमैकाचा हंगामी गव्हर्नर झाला आणि १६८९ मध्ये बॅरोनेट. दुसरी शाखा समुद्र ओलांडून आयर्लंडला. तिथलं कारण क्रॉमवेलची लढाई. रॉबर्ट मोल्सवर्थ या व्यापाऱ्याने क्रॉमवेलच्या फौजेला माल पुरवला आणि डब्लिनमध्ये बस्तान बसवलं. त्याच्या मृत्यूनंतर, १६५६ मध्ये, जन्मलेला मुलगाही रॉबर्टच. त्याने डेन्मार्कमध्ये राजदूत म्हणून काम केलं, तिथल्या राजेशाहीवर एक झोंबणारं पुस्तक लिहिलं आणि १७१६ मध्ये तो व्हायकाउंट झाला. त्याचा मुलगा रिचर्ड याने १७०६ च्या रामिलीच्या लढाईत घोड्यावरून पडलेल्या ड्यूक ऑफ मार्लबरोला स्वतःचा घोडा दिला आणि त्याचा जीव वाचवला.

या आयरिश वंशातले एक पाद्री, जॉन एडवर्ड नॅसॉ मोल्सवर्थ, १८३९ मध्ये रॉचडेलचे व्हिकर झाले. हो, तेच बटरवर्थांचं रॉचडेल. चर्चच्या कराच्या वसुलीवरून त्यांचं आणि गावातल्या जॉन ब्राइटचं चांगलंच जुंपलं होतं. आमचा पॉकेटबुकवाला गिल्फर्ड हा या पाद्र्याचा मुलगा.

सांगायचं कारण असं, की रॉचडेलच्या यादीत मोल्सवर्थ हे नाव पाहून कुणी त्याचं मूळ लँकेशायरला ठरवलं तर सपशेल चुकेल. एक नेमणूक झाली आणि नाव तिथे गेलं. म्हणून जाणकार एका काळच्या यादीवर विसंबत नाहीत. १८८१ ची जनगणना त्यांच्या हातात असते, कारण तोवर रेल्वे आली असली तरी बरीचशी माणसं अजून आपल्या मुलखात होती. त्याआधी १५३८ पासूनची चर्चची जन्म-लग्न-मृत्यूची दप्तरं. त्याहून मागे १३७७ ते १३८१ मधल्या डोईपट्टीच्या याद्या. हेन्री गप्पी याने १८९० साली आडनावांच्या मुलखांवर पुस्तक काढलं तेव्हा त्याने मोजले ते फक्त शेतकरी, कारण जमीन असलेला माणूस सहसा हलत नाही. खात्यात आयुष्य काढलेल्या मला ही युक्ती फारच पटली. नदीचा प्रवाह मोजायलाही आम्ही संथ, सरळ जागाच निवडायचो.

गेल्या पंचवीस वर्षांत यात जनुकशास्त्र आलं. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावही तसंच जातं. मग दोन्ही जुळतात का? लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी चाळीस आडनावांचे पुरुष तपासून २००९ मध्ये निष्कर्ष छापला. स्मिथसारख्या भरघोस आडनावात एका स्मिथचा दुसऱ्या स्मिथशी संबंध रस्त्यावरच्या कुणाशीही असेल तेवढाच, कारण लोहार गावोगाव होते. पण आडनाव जितकं विरळ, तितका एकच मूळपुरुष असण्याचा संभव जास्त. 'गांधी' चित्रपटामुळे आपल्याला ओळखीचं झालेलं अ‍ॅटनबरो हे आडनाव त्यांच्या यादीत होतं. तेही नॉटिंगहॅमजवळच्या एका गावावरूनच पडलेलं. तपासलेल्या अ‍ॅटनबरोंपैकी ८७ टक्के जणांचं वाय गुणसूत्र एकाच प्रकारचं निघालं.

पण एवढ्या शतकांत नाव वाढत का नाही? याचं उत्तर थोडं निर्दय आहे. एखाद्या माणसाला मुलीच झाल्या, मुलगा लढाईत गेला, कुणी लग्नच केलं नाही, की तेवढी फांदी संपली. १३४८-४९ च्या प्लेगने तर इंग्लंडातली निम्म्याच्या जवळपास माणसं नेली, आणि नुकती रुजू लागलेली किती आडनावं त्याबरोबर गेली. फ्रान्सिस गॉल्टन आणि पाद्री हेन्री वॉटसन यांनी १८७४ मध्ये याचं गणितच मांडलं. लोकसंख्या वाढत नसेल आणि सगळं निव्वळ योगायोगावर सोडलं, तर एका माणसापासून सुरू झालेलं आडनाव पिढ्यांमागून पिढ्या जाता जाता नाहीसं होण्याकडेच झुकतं. टिकतात ती थोडी, आणि त्यांतली काहीच फोफावतात. स्मिथ टिकला कारण त्याची सुरुवात हजार जागी झाली. मोल्सवर्थची एका कुंपणातून.

आडनाव लावणारे थोडे असले तरी नकाशावर ते भलतंच पसरलंय. डब्लिनमध्ये मोल्सवर्थ स्ट्रीट आहे, रामिलीच्या घोडेस्वार रिचर्डच्या जमिनीवर वसवलेला. तो थेट आयर्लंडच्या संसदेसमोर, लेन्स्टर हाउसच्या दारात निघतो. न्यूझीलंडची संसदही, वेलिंग्टनमध्ये, मोल्सवर्थ स्ट्रीटवरच. हा रस्ता मात्र कॉर्नवॉलच्या शाखेचा, सर विल्यम मोल्सवर्थच्या नावाचा. या विल्यमने तत्त्वज्ञ हॉब्जचे समग्र ग्रंथ संपादित केले, कैद्यांना ऑस्ट्रेलियाला पाठवण्याच्या पद्धतीवर झोड उठवणाऱ्या संसदीय समितीचं अध्यक्षपद सांभाळलं, न्यूझीलंडच्या वसाहतीत लक्ष घातलं आणि लंडनची क्यू बाग रविवारी सामान्य लोकांना उघडी करून दिली. वसाहतमंत्री झाला आणि काही महिन्यांतच, १८५५ मध्ये, वारला. आपण न्यूझीलंडच्याच दक्षिण बेटात गेलो तर मोल्सवर्थ स्टेशन लागतं. स्टेशन म्हणजे तिकडे गुरांचा फार्म. हा देशातला सर्वांत मोठा, सुमारे १,८०,००० हेक्टर, मुंबई शहर-उपनगरांच्या तिप्पट. तो ज्या विभागात आहे त्याचं नाव मार्लबरो! घोडा देणारा आणि घोडा घेणारा दोघे तिथे पुन्हा एकत्र आले आहेत, अर्थात गुरांच्या सोबतीने.

बायकांचा हिशेब या सगळ्यात राहून जातो, कारण आडनावाची ही पद्धतच पुरुषांची. तरी व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडातल्या मुलांना ठाऊक असलेली मोल्सवर्थ ही एक बाई होती. मेरी लुईसा स्टुअर्ट, जन्म हॉलंडमधल्या रॉटरडॅमचा. व्हायकाउंटच्या पुतण्याशी लग्न झालं, पुढे ते मोडलं, पण पुस्तकं 'मिसेस मोल्सवर्थ' याच नावाने येत राहिली. १८७७ चं 'द कुकू क्लॉक' त्यांतलं सर्वांत गाजलेलं. मूलच्या आवाराशी तिचा रक्ताचा संबंध काडीचा नाही आणि नाव मात्र तिनेच घरोघर पोचवलं.

तिच्यानंतर हे नाव इंग्रज घरांत पुन्हा ऐकू येऊ लागलं ते १९५३ पासून. जेफ्री विलन्सने लिहिलेला आणि रोनाल्ड सर्लने चितारलेला नायजेल मोल्सवर्थ हा शाळकरी पोरगा. शाळेला शिव्या घालतो, मास्तरांची टर उडवतो आणि स्पेलिंग एक धड लिहीत नाही. त्या शाळांत मुलांना आडनावाने हाक मारायची रीत, आणि एकाच आडनावाची दोन मुलं असली की क्रमांक लावायचे. नायजेलचा धाकटा भाऊही त्याच शाळेत, म्हणून हा मोल्सवर्थ १ आणि तो मोल्सवर्थ २. तिसऱ्याची पाळी काही आलेली नाही.