दूरस्थ सर्व्हरचा कारभार

वसई तालुक्यातील कळंबसारख्या समुद्रकाठच्या गावी बसून महापे वा ऐरोली येथील डेटा सेंटरातल्या सर्व्हरचा कारभार पाहणे आज शक्य झाले आहे, याचे श्रेय मुख्यतः १९९५ साली फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी, विद्यापीठाच्या जाळ्यातून पासवर्ड चोरले गेल्यानंतर, रचलेल्या एसएसएच या सांकेतिक संपर्कपद्धतीस द्यावे लागते. तीत पासवर्डाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरणे श्रेयस्कर. खाजगी किल्ली आपल्यापाशी राहते, सार्वजनिक किल्ली सर्व्हरच्या दफ्तरी नोंदली जाते.

पावसाळ्यात इंटरनेट खंडित झाल्यास काम अर्ध्यावर तुटू नये, म्हणून ते टीमक्स किंवा स्क्रीन या प्रोग्रॅममध्ये सुरू करावे. संपर्क तुटला तरी ते सर्व्हरवर चालूच राहते.

फायरवॉलच्या नियमांत फेरफार करताना चालू जोडणी न सोडता दुसरी उघडून पाहावी, आणि ठरावीक वेळाने जुने नियम आपोआप पूर्ववत करणारा हुकूम आधीच नेमून ठेवावा. नाहीतर कारभाऱ्यालाच मज्जाव होऊन नालासोपाऱ्याहून लोकल धरण्याचा प्रसंग ओढवतो.

बिघाडाची तहकीकात क्रमाने करावी. पिंगला उत्तर न येणे म्हणजे सर्व्हर बंद असणेच नव्हे, कारण फायरवॉलही ते उत्तर अडवू शकते; म्हणून पोर्ट, डिस्क व लॉग हे तपासावेत. डिस्कवर जागा असूनही आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदींच्या जागा, संपले असल्यास नवी फाइल निर्माण होत नाही, हे ध्यानी ठेवावे.

सर्वच मार्ग खुंटले, तर मदरबोर्डवरील स्वतंत्र नियंत्रकाशी आयपीएमआय या पद्धतीने संपर्क साधून, मुख्य यंत्रणा बंद असतानाही, सर्व्हर पुन्हा सुरू करता येतो. मात्र हा नियंत्रक खुल्या इंटरनेटवर कदापि ठेवू नये.