संगणक वारंवार का बंद पडतो?

घरातील संगणक पुनःपुन्हा अकस्मात बंद पडू लागला, म्हणजे प्रथम त्यातील मोलाच्या मजकुराची प्रत अन्यत्र करून ठेवावी. यंत्र नवे घेता येते, गेलेला मजकूर परत मिळेलच असे नाही. मग कारण शोधावे. कामाचा भार वाढताच तो बंद पडत असेल, तर पंखा पाहावा. धूळ साचली की उष्णता बाहेर पडत नाही आणि तापलेला प्रोसेसर जळू नये म्हणून यंत्र स्वतःच थांबते. बंद पडण्यास काळवेळ नसेल, तर स्मृतीची, म्हणजे मेमरीची, परीक्षा करावी. परीक्षेची आज्ञावली तिच्यात ठराविक अंक लिहून तेच पुन्हा वाचते. फरक आढळल्यास दोष बहुधा स्मृतीत किंवा तिच्या जोडणीत असतो. मात्र एका वेळी एकच बदल करावा. दोन एकदम केले, तर दोष जाऊनही कारण अज्ञातच राहते.